सुधीरला कुठून झालं?

"हेपेटाइटिस बी है," डॉक्टर म्हणाल्या आणि सुधीरकडे न बघता माझ्याकडे वळल्या. "आपका भी टेस्ट होगा, मैडम."

सुधीर म्हणजे माझा नवरा. चांगला ठणठणीत माणूस. केंद्र सरकारच्या मंत्रालयात नोकरीला. तिथल्या रक्तदान शिबिरात हौसेनं रक्त देऊन आला आणि नंतर ब्लड बँकेतून फोन आला, येऊन भेटा. ना ताप, ना कावीळ.

हा विषाणू यकृताला धरतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. रक्तातून पसरतो, शरीरसंबंधातून पसरतो, बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. मला त्यातलं मधलंच तेवढं ऐकू आलं.

सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या आल्या मी त्याची कपबशी, ताट, टॉवेल वेगळं काढलं. तो आपलं ताट आपणच धुवायला लागला, म्हणून आणखीच भडकले. "कुठे गेला होतास ते सांग एकदाचं!" "कुठेच नाही गं." जयपूरचं ट्रेनिंग, चेन्नईचा दौरा, एकेक उकरून काढलं मी. तो दुसऱ्या खोलीत झोपायला लागला. भाजी चिरताना, मेट्रोत, ऑफिसात, डोक्यात एकच: कोण असेल ती?

पुढच्या खेपेला कपबशीचं सांगितलं, तर डॉक्टरांनी झापलं. "कप-प्लेट अलग करके क्या होगा? रेज़र अलग किया?"

अगं बाई! त्याचाच रेझर मी पायांना वापरत होते, गेल्या रविवारीसुद्धा. एका ताटात जेवून, मिठी मारून हा आजार होत नाही. रेझर, टूथब्रश, नेलकटर मात्र ज्याचं त्याचं हवं.

माझ्या रिपोर्टची वाट बघताना वेटिंग रूममध्ये मी सुधीरपासून दोन खुर्च्या सोडून बसले. रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण संरक्षणही नव्हतं, म्हणून लसीचे तीन डोस, सहा महिन्यांत. त्यानंतर अँटी-एचबीएस टेस्ट, म्हणजे लस लागू पडली का ते बघायचं. तोवर कंडोम. लेकीचीही तपासणी झाली, लहानपणच्या लसीनं ती सुरक्षित निघाली. सुधीरला सध्या औषध नाही, पण दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी चुकवायची नाही.

"माँ को लिवर की तकलीफ़ थी?" डॉक्टरांनी विचारलं. सासूबाई पोटात पाणी होऊनच गेल्या होत्या. कारण कुणी शोधलंच नव्हतं. मग सुधीरच्या थोरल्या भावाला, नागपूरच्या दादांना, तपासून घ्यायला सांगितलं.

त्यांचा फोन आला तेव्हा स्पीकर सुरू होता, सुधीर शेजारीच होता. "वृंदा, माझंही पॉझिटिव्ह आलं गं."

"बरं झालं!" मी म्हणाले.

"म्हणजे, वेळेत कळलं ते," मी घाईघाईनं जोडलं. "हो, तेही खरंच," दादा म्हणाले बिचारे. सुधीर उठून बाहेर गेला. दादा आजारी आहेत आणि मला आनंद झाला होता, भरभरून. त्या आनंदाची अजून भीती वाटते.

दोघा भावांना बहुतेक जन्मतःच आईकडून आलं, डॉक्टर म्हणाल्या. खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी स्वतःची टेस्ट करा, लस घ्या. कुठून झालं ते नंतर विचारा, आणि विचारताना जरा जपून. मला झापणाऱ्या त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. माझी लस लागू पडली. "अब कोई परहेज़ नहीं," म्हणजे आता जवळ यायला कसलंच पथ्य नको, असं त्यांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं.

सुधीर अजून दुसऱ्या खोलीतच झोपतो. आत ये म्हटलं की म्हणतो, "राहू दे गं, सवय झाली."