बोट काढ गं मधून

याप कोन हिनचे डोळे म्हणजे त्याची बायको मोय फा, हे मलेशियातल्या तांजोंग तुआनच्या दीपगृहाच्या टेकडीवर पक्षी बघायला येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. मार्च लागला, की दोघं सेरेंबानचं हार्डवेअरचं दुकान लेकीवर सोडून यायची. ऊन तापलं, की सुमात्राकडून मधुबाज समुद्र ओलांडून यायचे, दमलेले, पार पाण्यालगत. सगळ्यांच्या आधी ते मोय फाला दिसायचे. तिनं बोट दाखवायचं, यापनं कॅमेरा रोखायचा. बोट जरा पुढं आलं, की हा खेकसायचा, "बोट काढ गं मधून!" बोट आलेले फोटो तो तिथल्या तिथं पुसून टाकायचा. मोठा शहाणा!

मोय फा गेली. थडग्यावर तिच्या ओळखपत्रातला फोटो लावला, तो उन्हापावसानं पार विटला. ओळखपत्र तर केव्हाच सरकारजमा झालेलं. थडग्याला हात लावायचा तो फक्त चेंगबेंगला, पितरांच्या दिवसांत, एरवी नाही, ही त्यांची रीत. चेंगबेंग तोंडावर आलं होतं. नवा फोटो लावायचं आता चुकलं, तर बिचारीनं आणखी वर्षभर बिनचेहऱ्याचं राहायचं. लेक आता लग्न होऊन पर्थला गेलेली, ती फोनवर सारखी विचारत होती, फोटो मिळाला का. यापनं कपाटं उपसली, कॉम्प्युटर उपसला. बाज, गरुड, खंड्या, पिसन् पीस स्वच्छ. बायको एकातही नाही. सापडला तो एक लग्नातला फोटो, त्यातली पोर ओळखायची कुणी?

शेवटी लाज गिळून तो एकटाच टेकडीवर गेला. सालमियाह ही निवृत्त नर्स, दोघांची तिथली जुनी सोबतीण. तिनं त्याच्यासाठी सगळ्यांकडे चौकशी केली. एवढी कॅमेऱ्यांची फौज, पण इतकी वर्षं प्रत्येकाची मान वर. मोय फाच्या हातच्या नारळाच्या वड्या सगळ्यांनी खाल्ल्या होत्या, फोटो मात्र कुणाकडेच नव्हता. सालमियाहला भरून आलं. "आमचंही चुकलंच, अंकल," ती म्हणाली.

याप नेहमीच्या दगडावर बसला, बाजूला एका माणसाची जागा सोडून. फार एकटा पडला होता बापडा.

दुपारी एकच गलका झाला. बाज आले होते, मोसमातला सगळ्यात मोठा थवा. यापला काही दिसेना. "कुठं?" असं त्यानं सवयीनं शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून विचारलं. सालमियाह लगबगीनं त्या जागेवर येऊन बसली. तिनं बोट दाखवलं. यापनं कॅमेरा उचलला आणि तिच्याकडेच वळवला.

"अहो अंकल, पक्षी तिकडं आहेत."

"असू देत. तू बोट तसंच ठेव."

बाज डोक्यावरून निघून गेले.

चेंगबेंगला थडग्यावर लग्नातला फोटो बसला. याप संत्री मांडून, उदबत्ती लावून समोर उभा राहिला. वीस वर्षांची ती पोर सरळ त्याच्याकडे बघत होती. त्याला ती ओळखीची वाटेना.