ढोलीखालची साफसफाई

बाईंच्या नोकरीला बावीस वर्षं झाली होती आणि त्यांच्या गुडघ्यांना बहुधा चाळीस. सदाहरित जंगलाच्या कडेची गावं पालथी घालायची, शाळेच्या खोलीत नाहीतर कुणाच्या ओट्यावर चित्रांचा कापडी तक्ता टांगायचा आणि सांगायचं, की बाबांनो, हे जंगल टिकलं तर तुमचे झरे टिकतील, इथली झाडं, पाखरं, बेडूक ओळखायला आणि मोजायला शिका. लोक ऐकायचे, माना डोलवायचे, बाईंना चहा पाजायचे आणि त्यांची पाठ वळली की खांद्यावर कुऱ्हाड टाकून निघायचे. बाईंच्या घरी थोरली बहीण होती. तिच्या मते हा पालथ्या घड्यावर पाणी ओतायचा उद्योग होता, आणि वर ते पाणीही बाईच डोक्यावरून वाहत होत्या.

केंद्र म्हणजे पत्र्याखालच्या दोन खोल्या. ओल इतकी की तक्त्यावरच्या माकडाच्या तोंडाला खरीखुरी बुरशी आली होती. शहरातलं कार्यालय उंटावरून शेळ्या हाकायचं आणि दर वर्षी एकच विचारायचं, स्थानिक माणसं किती तयार केली? बाईंनी एकशे सहा तयार केली होती. पाखराच्या आवाजावरून जात ओळखणं, खोडाचा घेर मोजणं, रोपवाटिका चालवणं, सगळं शिकवून. प्रशिक्षणाचा कागद हातात पडला की मंडळी शहर गाठायची. कुणी गाडी चालवत होता, कुणी इमारतीच्या दारावर खुर्ची टाकून बसला होता. त्यांना काय बोलणार, पोट कुणाला चुकलंय? पण बाई आतून थकल्या होत्या. हल्ली भाषणाच्या मध्येच त्यांना आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटायचा.

एकशे सहांतला उरला एक. झाडाच्या शेंड्यापर्यंत सरसर चढायचा म्हणून गाव त्याला शेंड्या म्हणायचं. वय पंचेचाळीस, बोलणं मोजकं, आणि पूर्वीचा धंदा म्हणाल तर झाडाच्या ढोलीतली धनेश पक्ष्याची पिल्लं काढून विकायचा. त्याच्या हातात कोयत्याऐवजी दुर्बीण द्यायला बाईंना नऊ वर्षं लागली होती, नाकी नऊ आले होते. आता तो तीच ढोली राखायचा. साठ पावलांवर पानांच्या आड बसून नर धनेश दिवसातून किती वेळा फळं घेऊन येतो, त्याच्या रेघा वहीत ओढायचा. मादी आत कोंडून घेतलेली असते. दार चिखलाने आणि विष्ठेने लिंपलेलं, चोच बाहेर येईल एवढीच फट. आत तिची पिसं झडतात, उडता येत नाही. नर आला तर मायलेकरांनी जेवायचं, नाहीतर उपाशी. अख्ख्या संसाराचा भार एका बापावर, म्हणून गावातल्या बायका त्या नराचं फार कौतुक करायच्या आणि नवऱ्यांना ऐकवायच्या.

महिनाअखेरीला बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी कुणी येणार नव्हतं. गावातलाच कुणी काम पुढे चालवू शकत असेल तर केंद्र राहील, नाहीतर कुलूप, असं कार्यालयाने कळवलं होतं. शेवटच्या कार्यक्रमाला तिथले साहेब स्वतः येणार, शेंड्याचं बोलणं ऐकणार, मग ढोली बघायला जाणार आणि काय ते ठरवणार. बावीस वर्षांचं उत्तर एका माणसावर येऊन थांबलं होतं.

कार्यक्रमाला आठ दिवस होते तेव्हा बाई वाट किती बरी आहे ते बघायला जंगलात गेल्या आणि ढोलीच्या झाडासमोर येऊन थबकल्या. झाडाभोवतीचं रान तासून काढलेलं होतं. दहा-बारा पावलांत एक रोपटं नव्हतं. झाडावरच्या वेली मुळापासून तोडल्या होत्या आणि खोडाला पुरुषभर उंच पांढराशुभ्र चुना लावला होता. शेंड्या हात धूत उभा होता, लग्नघरातल्या यजमानासारखा प्रसन्न.

"बाई, आठ माणसं लावून दोन दिवसांत केलं," तो म्हणाला. "तुम्ही शिकवलंय तस्संच."

बाईंनीच शिकवलं होतं, अगदी खरं. रोपवाटिकेच्या वर्गात त्यांनी शंभर वेळा सांगितलं होतं की रोपाभोवती तण ठेवू नका, वेल चढू देऊ नका, वाळवीसाठी बुंध्याला चुना लावा. पाहुणे येणार असा बाईंचा निरोप होता, म्हणून त्याने सगळ्यांत लाडक्या झाडाला सगळ्यांत चांगला धडा लावला होता. पण नर ढोलीशी थेट येत नसे. आधी खोडावरच्या एका जाड वेलीवर बसायचा, पानांतून इकडेतिकडे बघायचा, मगच फटीशी जायचा. ती वेल आता ढिगाऱ्यात पडली होती. वहीत कालपासून एकही रेघ नव्हती, आणि माणसांच्या वर्दळीने आला नसेल, अशी शेंड्याने स्वतःची समजूत घातली होती.

दोघांनी मिळून चुन्यावर चिखल थापला. तोडलेल्या फांद्या पुन्हा रोवून आडोसा केला. गावाला त्या बाजूला फिरकू नका म्हणून सांगितलं, त्यावर राबलेली आठ माणसं रुसली. मग वाट बघणं. पहिल्या दिवशी आतून पिल्लाची चिरचिर नीट ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी नर आला, लांबच्या झाडावर बसला, चोचीत फळ तसंच धरून बराच वेळ बघत राहिला आणि उडून गेला. तिसऱ्या दिवशी चिरचिर बारीक झाली. चौथ्या दिवशी मादीने आतून दार फोडलं आणि ती अर्धवट पिसांनी धडपडत शेजारच्या फांदीवर जाऊन बसली.

शेंड्या वर चढला आणि त्याने ढोलीत हात घातला. खाली आल्यावर म्हणाला, "गार झालंय." मग बाईंकडे न बघता विचारलं, "माझ्यामुळे ना?"

नाही म्हणणं फार सोपं होतं. साप असतो, घार असते, पिल्लं अशीही दगावतात. नाही म्हटलं असतं तर शेंड्या राहिला असता, कार्यक्रम झाला असता, केंद्र वाचलं असतं. बाईंचे पाय दुखत होते आणि त्यांना खरंच त्या क्षणी काहीही म्हणून घरी जावंसं वाटत होतं.

"तुझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "आणि माझ्यामुळे. रोपवाटिकेतलं जंगलात चालत नाही, हे मी कधी सांगितलंच नाही."

त्याने दुर्बीण गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिली आणि गेला. त्यानंतर तो दिसला नाही. बाईंनी बहिणीला सगळं सांगितलं तेव्हा तीसुद्धा टोमणा मारायची विसरली. तिने गुपचूप पाणी तापवून दिलं आणि बाईंनी त्यात पाय सोडले.

कार्यक्रमाला शाळेची खोली भरली. साहेब पुढच्या खुर्चीत. बाई तक्त्यापुढे उभ्या राहिल्या, पहिली दोन वाक्यं बोलल्या आणि तिसरं आलंच नाही. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. लोक चुळबुळायला लागले. तेवढ्यात शेंड्या दारातून आत आला, माणसं ओलांडत पुढे आला आणि तक्त्याकडे पाठ करून उभा राहिला.

"धनेशाचं पिल्लू मी मारलं," तो म्हणाला. मग वेल, चुना, रान, आठ माणसं, नर कुठे बसायचा आणि का, सगळं त्याने ओळीने सांगितलं. कुणाला वगळलं नाही, स्वतःला तर नाहीच. पूर्वी पिल्लं विकायचो, तेव्हा निदान एखादं आत सोडायचो, असंही म्हणाला. रुसलेल्या आठांपैकी एकाने विचारलं, मग आम्ही करायचं तरी काय? शेंड्या म्हणाला, लांब बसायचं, मोजायचं आणि हात आवरायचे. उद्यापासून ज्याला यायचंय त्याने यावं, पुढच्या वर्षी ती मादी परत येते का ते बघायचंय.

साहेब बाईंकडे झुकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हाच का तुमचा तयार झालेला माणूस?"

"हो," बाई म्हणाल्या. "याच आठवड्यात झाला."