सुई गेली म्हणणारे काका

आमच्या काकांच्या कानांचं कौतुक साऱ्या जगाला. गळ्यात दुर्बिणी अडकवून, पिशवीत पक्ष्यांची जाडजूड पुस्तकं कोंबून माणसं लांबलांबून आमच्याकडे उतरतात. खोल्या मी सांभाळते, जंगल काका दाखवतात. माझ्या वडिलांचे हे धाकटे भाऊ, बिनलग्नाचे. "बायको बोलणार आणि माझे कान पक्ष्याकडे, रोज भांडण! त्यापेक्षा नकोच," असं स्वतःच सांगतात. पान हलायच्या आधी यांचं बोट वर जातं, आणि पाहुणे तोंडात बोटं घालतात.

मला विचाराल तर पक्षी म्हणजे वाळत घातलेल्या चादरींचे वैरी. पण ते काकांसमोर बोलायची सोय नाही.

त्यांचा सगळ्यात लाडका पक्षी म्हणजे सुई. अंगठ्याएवढी, पिवळ्या गळ्याची, उंच झाडांच्या शेंड्यावर राहणारी. आवाज सुईसारखा बारीक, म्हणून हे नाव काकांनीच ठेवलं. एका लेखिकाबाईंनी आमच्या जंगलावर पुस्तक लिहिलंय, त्यात सुईवर अख्खं प्रकरण आणि काकांच्या कानांवर एक पान आहे. ते पान जेवणघरात चौकटीत लावलंय. त्याची काच मला पुसू देत नाहीत, स्वतः पुसतात.

तर अलीकडे काका खचत चालले होते. "सुई संपली गं. रस्ता रुंद करायला झाडं पाडली, गेली बिचारी," म्हणायचे आणि ताटावरून अर्धपोटी उठायचे. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार? पाहुणेही हळहळायचे आणि दुसरे पक्षी बघून परत जायचे. शेवटी काकांनी लेखिकाबाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, पुस्तक पुन्हा छापायला चाललंय, तर सुई गेली हे लिहायलाच हवं. त्याआधी एकदा येऊन जाते.

आल्या. काकांच्याच वयाच्या, काठी टेकत. त्यांना जंगलात बसायला घडीची खुर्ची लागणार, ती उचलायला मला जुंपलं. घरी धुण्याचा ढीग पडलेला, आणि मी यांच्या वरातीत!

मोठ्या झाडाखाली दोघं थांबले. बाईसुद्धा खुर्चीत न बसता उभ्याच राहिल्या. माना वर, श्वास रोखलेला, चेहरे सुतकी. आणि माझ्या डोक्यावर कसलीतरी किरकिर चाललेली. त्सी त्सी त्सी, थांबायचं नाव नाही. मी म्हटलं, असेल एखादा किडा. पण किती ऐकायचं?

"काका, हे वर कोण मघापासून डोकं उठवतंय हो?"

"कुठे काय? गप्प उभी राहा."

"मलाही काही ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, इतकं कर्कश वाजतंय! बहिरे आहात का दोघं?"

बोलले आणि जीभ चावली. घरातलं कपडे धुवायचं यंत्र काम झालं की टीं टीं करून जीव खातं, आणि काका शेजारी बसून पेपर वाचत असतात. मला वाटायचं, आळशीपणा. आता कळलं, बारीक आवाज त्यांच्या कानात शिरतच नव्हता, आणि वर किरकिरत होती ती सुईच. किडा असेल म्हणून सांगितलं असतं, तर झाकली मूठ राहिली असती. पण मग पुस्तकात जिवंत पक्षी मेला असता, तोही काकांच्या नावावर. आणि खरं सांगावं, तर जन्मभर कानांवर जगलेल्या माणसाला ते कुठल्या तोंडाने सांगू?

मी पुढे झाले. त्यांचा हात धरला आणि आवाज येत होता त्या फांदीकडे केला.

काकांनी दुर्बीण लावली. किती वेळ लावून होते कोण जाणे. मग हलक्या आवाजात म्हणाले, "चोच उघडतेय. गळा थरथरतोय." दुर्बीण खाली आली तेव्हा डोळे भरलेले. मला वाटलं, संपलं, हा माणूस आता उभा राहत नाही.

"आहे!" काका ओरडले. "बाई, आहे की हो सुई! अहो, आपणच म्हातारे झालो!"

आणि हसायलाच लागले. बाईंनी काठी टाकून दुर्बीण ओढून घेतली. "आता मला तुमच्या कानांवरचं ते पान फाडून टाकावं लागणार," म्हणाल्या, आणि त्याही हसत होत्या.

"कान गेले तर गेले, गेले खड्ड्यात," काकांनी डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, "कशी म्हणतेय गं? करून दाखव ना."

"मी? मला नाही बाई जमणार."

"तुझ्या जाड्याभरड्या आवाजात कर. तो येतो मला ऐकू."

मग काय, भर जंगलात मी त्सी त्सी करत उभी! काका डोळे मिटून ऐकत होते.

"शेवटचा सूर लांबव," म्हणाले. "ती लांबवते."

मी वर कान दिला. खरंच लांबवत होती.