दोनदा काढलेला खडा

सासूबाईंच्या किडनीतला खडा आधी मिरजगावजवळच्या एका म्हाताऱ्यानं काढला. तो पोटावर फडकं टाकतो, त्याला तोंड लावून ओढतो आणि तळहातावर खडा थुंकतो. सासूबाईंना हरभऱ्याएवढा मिळाला. त्यांनी तो डबीत ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवू लागल्या.

कळा थांबल्या नाहीत. आठवड्यानं मी त्यांना नगरला नेऊन सोनोग्राफी केली. खडा जागच्या जागी होता आणि किडनीला सूज आली होती. डॉक्टर म्हणाले, लवकर काढा, नाहीतर किडनी निकामी होईल.

"खडा डबीत हाय, आन् हे पोटात दाखवत्यात," सासूबाई म्हणाल्या. "मशीन जुनं असंल."

"आत्या, मशीनचं तुमच्याशी काय वैर?"

"मी न्हाई कापून घ्यायची."

कापत नाहीत, लघवीच्या वाटेनं बारीक, वाकणारी दुर्बीण किडनीपर्यंत नेतात आणि लेसरनं खडा फोडतात, हे मी तीनदा सांगितलं. लघवीच्या वाटेनं म्हटल्यावर त्या जास्तच बिथरल्या. नवरा आईपुढे बोलत नाही. मी स्कूटी काढून म्हाताऱ्याकडे गेले, भांडायलाच.

त्यानं ऐकून घेतलं, दाराबाहेर बघितलं आणि हळूच म्हणाला, "लेसर करा. म्याबी गेल्या साली तेच केलं. लई आराम हाय."

"हे आमच्या घरी येऊन सांगा."

"माझा धंदा बसंल की, बाई."

"आणि मी गावात सांगितलं तर?"

तो मागच्या सीटवर बसला.

घरी त्यानं सासूबाईंची नाडी धरून डोळे मिटले. "मावशे, माझ्या वाट्याचा म्या काढला. ऱ्हायलेला दुर्बिणीचा हाय." सासूबाईंनी लगेच मान डोलावली.

नगरला कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं, तासाभरात लेसरनं खड्याचा भुगा झाला. लघवी अडू नये म्हणून आत एक बारीक नळी ठेवली, ती पंधरा दिवसांनी काढायची होती. तोवर त्यांना सारखं लघवीला जावं लागायचं आणि दर वेळी त्या मला शिव्या द्यायच्या, म्हाताऱ्याला एकही नाही.

नळी काढायच्या दिवशी त्याला पुन्हा आणावं लागणार, असं मी धरून चालले होते. सकाळी बघते तर सासूबाई चांगलं लुगडं नेसून ओट्यावर बसलेल्या.

"चल की. ऊन व्हायच्या आत जाऊन यिऊ."

नळी निघाली. महिन्यानं सोनोग्राफीत सूज नव्हती. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. त्या पितात, आणि मी किती प्याले तेही विचारतात.