काकांचा चहा

नेरूळच्या लॅबमध्ये मला काम शिकवणारे काका तिथल्याच सारसोळे गावचे. पाय हलवत, रक्ताची नळी नखाने टिचकावत ते पेशंटला दरडावायचे, "चहा पिऊन आलास ना? खोटं नको बोलू, मना समजतं." नळी मशीनमध्ये फिरवल्यावर रक्तावर येणारं पाणी दुधासारखं दिसलं तर रक्तात चरबी फार, नुसत्या चहाने एवढं पांढरं होत नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं.

एकदा सकाळी, "उपाशी हाय, काढ," म्हणत त्यांनी माझ्यापुढे हात धरला. मशीनमध्ये फिरवलेली नळी बाहेर काढली, तर वरचं पाणी पांढरंफटक. त्यांनी ती लगेच बेसिनमध्ये ओतली.

"चहा पिऊन आलो व्हतो रं. उद्या बगू."

मी रोज त्यांच्यासाठी सुई काढून ठेवायचो. ते रोज चहाचा ग्लास हातात घेऊनच आत शिरायचे.