पालखीच्या दांड्याएवढी वाट

"मॅडम, आग जंगल के अंदर है या बाहर?"

अंबिकाकाकींचे दोन्ही हात पिठात होते, म्हणून फोन मी धरला होता, स्पीकरवर. मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर कुणीतरी डोंगर पेटल्याचा व्हिडिओ टाकला होता आणि काकींनी पोळी तव्यावर तशीच सोडून हेल्पलाइन लावायला सांगितली होती.

"आधी अंदर थी, अब बाहर आ रही है," काकी म्हणाल्या.

"अंदर का हमारे पास नहीं आता."

"बरं. मग बाहर आली की तिला सांगते, साहेबांना एक फोन कर."

पलीकडच्या माणसाला विनोद कळला नाही. त्याने दुसरा नंबर दिला. दुसऱ्याने तिसरा दिला. डोंगर एका खात्याचा, खालचा रस्ता दुसऱ्याचा आणि मधला ओहोळ तिसऱ्याचा, एवढं ज्ञान आम्हाला त्या दुपारी मिळालं. अग्निशमनची गाडी मात्र आली. पण तिचा पाइप रस्त्यापुरता. जवान भला होता. त्याने वर बघून हात जोडले, आगीला की देवाला ते कळलं नाही.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. त्या आगीत काकींची कोकमाची रोपं दुसऱ्यांदा जळली.

अंबिका भुवड, वय साठीच्या अलीकडे, गाव संगमेश्वराजवळ. मिरा रोडच्या शांती नगरात आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांचं पोळीभाजी केंद्र आहे. यजमान गेल्यावर ते त्यांनी सुरू केलं आणि आता अर्ध्या सेक्टरचे डबे तिथूनच जातात. सकाळचा पहिला घाणा संपला की काकी रिक्षाने काशिमिऱ्याला जातात, हायवे ओलांडतात आणि काठी टेकत डोंगर चढतात. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं होतं. "सपाटीवर चाला" असंही ते म्हणाले होते, पण ते वाक्य काकींनी ऐकलं नाही.

तीन वर्षांपूर्वी त्या डोंगरावर वृक्षारोपणाचा कार्यक्रम झाला. मांडव, पाहुणे, फोटो. फिरायला येणाऱ्यांच्या हातीही रोपं दिली. काकींनी मात्र आपली रोपं स्वतः आणली होती, तेलाच्या कापलेल्या डब्यांत, गावाहून एसटीने. कोकमाची. इथे दुकानात मिळणाऱ्या आमसुलाला त्या "सायकलची ट्यूब" म्हणतात, आणि माहेरच्या रातांब्याचं, कोकमाच्या ताज्या फळाचं, सार आठवून डोळे मिटतात. रोपं त्यांनी ओहोळाच्या काठी सावलीत लावली. उन्हाळ्यात वरून वणवा आला आणि सगळं गेलं. पावसाळ्यात परत लावली. परत गेलं. तिसऱ्यांदा लावताना त्यांनी अख्ख्या बिल्डिंगसमोर जाहीर केलं, "हे शेवटचं. आता जळली, तर डोंगर त्यांचा आणि पोळपाट माझा. मी परत पाय ठेवणार नाय."

थंडीत ती रोपं गुडघ्यापर्यंत आली. काकी रोज त्यांना बाटलीने पाणी घालायच्या आणि वर बघायच्या. वर नुसतं वाळलेलं गवत, कमरेएवढं. एक काडी पुरे.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. मला वाटलं, यावर उपाय असणारच. दोन दिवस वाचून मी काकींना सांगितलं, की याला जाळरेषा म्हणतात. उन्हाळ्याआधी गवताचा एक पट्टा साफ करायचा. आगीला तिथे खायला काही मिळत नाही, मग ती थांबते.

"हे शोधायला दोन दिवस?" काकी म्हणाल्या. "आमचा बापूस कलमांच्या भोवती करायचा. चल, त्यांना सांगू."

'त्यांना' म्हणजे डोंगराखालच्या कार्यालयात. तिथे साईराज नावाचा वनरक्षक होता, धुळ्याकडचा, नवीनच बदलून आलेला. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि सुस्कारा टाकला.

"काकू, जाळरेषेची मागणी मी आल्या आल्याच केलीये. निधी मार्चअखेर येतो."

"आणि वणवा?"

"तो फेब्रुवारीपासून येतो."

"मग त्याला सांगा ना, मार्चअखेर ये म्हणून. तुमच्याच डोंगरावर राहतो, तुमचं ऐकेल."

साईराज हसला नाही, पण त्याच्या टेबलाजवळचा शिपाई बाहेर जाऊन हसून आला.

"आम्हीच कापतो की," काकी म्हणाल्या. "माझ्याकडे माणसं आहेत. तुम्ही नुसतं हो म्हणा."

"नाही म्हणता येत हो. जंगलातलं गवत कापणं गुन्हा आहे. नेणंही गुन्हा. पेटवणं तर फारच मोठा."

"आणि ते आपलं आपण पेटलं तर?"

"तो वणवा."

"म्हणजे एकट्या वणव्यालाच परवानगी लागत नाय."

साईराजने आमचा अर्ज घेतला आणि वर पाठवतो म्हणाला. 'वर' म्हणजे कुठे, ते त्यालाही नक्की माहीत नसावं, कारण त्याने पंख्याकडे बघितलं.

परत निघालो तेव्हा काकी वाटेत थांबल्या. रस्त्यापासून एक पायवाट डोंगराच्या पोटावरून आडवी जाते, शेंदूर फासलेल्या वाघोबाच्या दगडापर्यंत. तिच्या वरच्या बाजूला ते वाळकं गवत आणि खालच्या बाजूला ओहोळ आणि कोकमं. काकींनी मागे वळून साईराजला हाक मारली, "ओ साहेब! या वाटेने दर्शनाला जायला काय लागतं?"

"त्याला काय लागणार? पिढ्यान्पिढ्या जातात लोक. वाट साफ ठेवली तर उलट बरंच."

काकी पुढे घरापर्यंत बोटांवर काहीतरी मोजत आल्या. त्यांना ओळखणाऱ्याला अशा वेळी भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शशिकांतदादांना पोळ्या लाटता लाटता बोलावून घेतलं. शशिकांतदादा त्यांच्याच गावचे, लिफ्ट दुरुस्त करतात आणि गावकऱ्यांचं मंडळ चालवतात. शिमग्याला ज्यांना सुट्टी मिळत नाही, असे मंडळातले लोक दर वर्षी मिरा रोडला तोंड पाडून बसतात आणि गावात पालखी नाचताना व्हिडिओ कॉलवर बघतात. कोकणात देवीची पालखी नुसती मिरवत नाहीत, ढोलाच्या तालावर खांद्यावर नाचवतात, गरागरा फिरवतात.

"यंदा इथेच नाचवू," काकी म्हणाल्या. "वाघोबापर्यंत."

"काय तरीच काय, वहिनी! देवी गावात. इथे कोणाला नाचवायची, तुमच्या पोळपाटाला?"

"देवीला विचार."

"देवीला?"

"गुरवाला फोन लाव. कौल लाव म्हणावं."

कोकणात देवीकडून कामाचं उत्तर मागायचं ते असं. गुरव मूर्तीला दोन बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर देवीचा होकार. फोन लागला, गुरवाने मोबाइल देवळात खांबाला टेकवून ठेवला आणि केंद्रातले सगळे, डबेवाल्या पोरांसकट, त्या छोट्या पडद्याभोवती गोळा झाले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "तुझी लेकरं मुंबईला हायत, माये, त्यांच्या मनात हाय..." आणि नेमका व्हिडिओ अडकला. देवीच्या अंगावरची एक पाकळी अर्धवट सुटलेली, गुरवाचं तोंड उघडं.

"उजवी की डावी?" शशिकांतदादा ओरडले.

"नेटवर्कला विचारा," मी म्हटलं, आणि काकींनी मला लाटण्याने गप्प केलं.

पडदा हलला. गुरव म्हणत होता, "दिलान! उजवा दिलान! नारळ तेवढा गावाहून न्या म्हणते."

अर्ज केल्यापासून निकाल लागेपर्यंत पोळी फुगायला लागतो तेवढा वेळ. काकींनी माझ्याकडे पाहिलं. "बघितलंस? खातं असावं तर असं."

आता वाट रुंद करायची होती. किती, हा प्रश्न माझ्याकडे आला. हिशोब सोपा होता. पालखी फिरली की तिच्या दांड्याचं टोक वर्तुळ काढतं, तेव्हा वाट निदान दांड्याएवढी रुंद हवी, शिवाय दोन्ही बाजूंना नाचणाऱ्यांचे कोपर.

"म्हणजे दांडा लांब, तर वाट रुंद," काकी म्हणाल्या.

"हो."

"शशिकांता, दांडा जरा लांबच घे हां."

"वहिनी, पालखीला दांडा लावायचाय की टॉवरला?"

पण त्यांनी घेतला. एका रविवारी मंडळाची माणसं कोयते, विळे आणि दाताळी घेऊन चढली. वाट मोजायला मी दांडा आडवा धरून पुढे चालले होते. एका ठिकाणी वाट खडकाला वळसा घालते. तिथे शशिकांतदादा बसले.

"इथे नको कापायला. इथे पालखी नुसती जाईल. वळणावर कोण नाचतं?"

"नाचली तर?"

"पडली तर? वहिनी, देवीची जबाबदारी माझी. तुमच्या कोकमांची तुमची."

काकी वाद घालणार होत्या, पण ऊन चढलं होतं आणि पुढे बरंच काम होतं. वळण तसंच अरुंद राहिलं.

संध्याकाळपर्यंत वाट अशी झाली की तिच्यावरून रिक्षा गेली असती. कडेला कापलेल्या गवताचे ढीग लागले. ते बघून मंडळातल्या एकाला वाटलं, शिमगा तोंडावर आहे, गवत आयतं आहे, होळीही इथेच करू. त्याने खिशातून माचिस काढली.

"मेल्या!" काकी काठी उगारून धावल्या. गुडघे त्या विसरल्या होत्या. "तुझ्या होळीसाठी माझा डोंगर जाळतोस?"

याच क्षणी साईराज वर आला. त्याला दिसलं ते असं: वाळक्या गवताचे ढीग, हातात कोयते घेतलेली माणसं, एकाच्या हातात माचिस आणि त्याला मारायला धावणारी बाई. त्याने शिट्टीच फुंकली.

"कोणी हलायचं नाही! काय चाललंय?"

"देवीची वाट साफ करतोय," काकी धापा टाकत म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, बरंच म्हणून."

साईराजने वाटेकडे पाहिलं. मग तिच्या रुंदीकडे. मग तिच्यावरून, गवतापासून ओहोळापर्यंत, नजर फिरवली. तो मूर्ख नव्हता.

"किती मोठी आहे हो तुमची देवी?"

"नाचते ती," शशिकांतदादा गंभीरपणे म्हणाले. "तिला जागा लागते."

साईराजने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "हे गवत इथे ठेवलंत तर काही उपयोग नाही," तो हळूच म्हणाला. "कापलेलं जास्त पेटतं. पेटवलंत तर मी केस करीन. खाली तबेला आहे. मी आता पलीकडच्या बाजूला गस्तीला चाललोय, मला काही दिसत नाही."

गवत डोक्यावरून तबेल्यात गेलं. म्हशींना त्या आठवड्यात पोटभर मिळालं आणि तबेलेवाल्याने काकींना चीक पाठवला.

शिमग्याला पालखी नाचली. गावाहून आलेला नारळ, देवीची तसबीर, झेंडू आणि अवाढव्य दांडा. फिरायला येणारे गुजराती काका, नया नगरहून रोज येणाऱ्या दोन बहिणी, सगळे मोबाइल वर धरून उभे. लिफ्टमध्ये वाकून वाकून पाठ गेलेले शशिकांतदादा त्या दिवशी लवंगी फटाक्यासारखे उडत होते. वळणावर मात्र पालखी नुसती गेली.

वणवा त्यानंतर पंधरवड्याने आला, भर दुपारी, वरच्या कड्यावरून. या वेळी काकींनी हेल्पलाइन लावली नाही. त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर एकच शब्द टाकला, "पेटलाय", आणि गॅस बंद केला.

आम्ही पोचलो तेव्हा आग उतारावरून खाली सरकत येत होती, तडतडत, धुराने डोळे झोंबवत. साईराज आणि त्याची दोन माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन वाटेवर उभी होती. आग वाटेच्या कडेला आली. तिने जीभ बाहेर काढली, माती चाटली, आणि तिला काही मिळालं नाही. एकेका ठिकाणी ती बसत गेली.

"बसली! बसली!" शशिकांतदादा नाचायला लागले.

"वळण बघा!" काकी किंचाळल्या.

वळणावर गवत खडकापर्यंत तसंच होतं. आगीने तिथून उडी मारली आणि ती ओहोळाकडे निघाली. मग सगळेच खाली धावले. डहाळ्यांनी झोडपलं, बाटल्या ओतल्या, शशिकांतदादांनी आपला शर्ट भिजवून झोडपला. साईराजच्या भुवया जळाल्या. ओहोळाच्या काठाशी आग शेवटी विझली, पण कोकमांची कडेची ओळ घेऊनच. आतली हिरवी उरली, राख अंगावर घेऊन.

काकी काठी टेकत डोंगर उतरल्या. घरी जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. त्या परत डोंगर चढणार की नाही, यावर बिल्डिंगमध्ये पैज लागली. मी म्हटलं, त्या जाणार नाहीत. शब्द म्हणजे शब्द.

सकाळी पहिल्या घाण्यानंतर केंद्राला कुलूप होतं. मी धावतच डोंगर गाठला. काकी ओहोळाशी बसून काळ्या पडलेल्या खोडांना नखाने खरवडून आत हिरवं आहे का बघत होत्या. शेजारी शशिकांतदादा मान खाली घालून उभे.

"काकी, तुम्ही म्हणाला होतात, जळली तर..."

"जळली तर म्हटलेलं. थोडी जळली तर काय करायचं ते कुठे म्हटलेलं?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आणि तू पाण्याची बाटली न आणता हात हलवत आलीस. शशिकांता, वळणावर का नाय नाचली?"

"चुकलो, वहिनी."

"पुढल्या वर्षी?"

"पुढल्या वर्षी वळणावर दोनदा."

साईराज वरून उतरत आला, बिनभुवयांचा. त्याने बुटांवरची राख झटकली. मग म्हणाला, "काकू, एक विचारायचं होतं. पलीकडच्या उतारावर आमची स्वतःची लागवड आहे. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. तुमची पालखी पुढच्या वर्षी तिकडूनही फिरेल का?"

"एवढा वेळ नाचायला माणसं कुठून आणू?" काकी म्हणाल्या. "तुमची द्या."

"आमच्यात कुणाला येत नाही."

शशिकांतदादांनी मान वर केली. इकडे तिकडे बघून त्यांनी एक लांब वाळकी फांदी उचलली, एक टोक साईराजच्या खांद्यावर ठेवलं आणि दुसरं आपल्या. "गुडघ्यात वाका, साहेब. आता डावा पाय. ढोल मी तोंडाने वाजवतो."

राखेत सरकारी बूट डावीकडे पडले, मग उजवीकडे, मग चुकले.

"कमरेतून नाय रे, गुडघ्यातून!" काकी ओहोळातून ओरडल्या आणि त्यांनी पुढच्या खोडाला नख लावलं.