शेगडी, इस्त्री आणि पाचाचा फ्यूज

लग्न होऊन मी अंबरनाथला आले तेव्हा शिवमंदिराकडच्या आमच्या बिऱ्हाडात वीज नुकतीच आली होती. माहेरी कंदील, त्यामुळे नुसतं बटण दाबायचीच मला कोण मौज! त्यात ह्यांनी उल्हासनगरच्या कॅम्पातून विजेची शेगडी आणली. दुकानदारानं सांगितलं होतं, "साहब, बटन दबाओ, चाय तैयार."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दुपारी मी शेगडीवर दूध ठेवलं, धाकट्या नणंदेनं माझ्या साडीवर इस्त्री फिरवायला घेतली, आणि फट्! सगळं बंद. हे कारखान्यात. नणंद कॉलेजात सायन्सला होती. तिनं मेन स्विच पाडून फ्यूजला नवी तार घातली. थोड्या वेळानं पुन्हा फट्!

"शेगडीच खोटी आहे, परत द्या," सासूबाई कडाडल्या.

नणंद ऐकेना. तिनं शेगडीवरची पट्टी वाचली, इस्त्रीवरची वाचली आणि परातीतल्या कोरड्या कणकेत बोटानं आकडे काढू लागली.

"वहिनी, घरात दाब दोनशे तीस व्होल्ट, तो तेवढाच. दाबाला करंटनं गुणलं की ताकद, म्हणजे वॅट. शेगडी हजार वॅटची. मग करंट किती खाईल?"

मी सातवी पास, पण भागाकार पक्का. "चाराहून थोडा जास्त."

"चार अँपिअर म्हणा! आणि साडेचारशेची इस्त्री?"

"जवळजवळ दोन."

"आणि आपला फ्यूज पाचाचा!"

"अगंबाई, वन्सं, सहा झाले की हो!" मी किंचाळलेच.

"मग जाड तार घाला," सासूबाई म्हणाल्या.

"नको आई. फ्यूज टिकेल आणि भिंतीतली तार जळेल."

पुन्हा नवी तार घातली, नुसती शेगडी लावली. दूध छान वर आलं! मला तर भूतच संचारलं. दिव्यावरचा आकडा वाचून मी ओरडले, "चाळीस वॅट! अँपिअरचा पाचवा हिस्सासुद्धा नाही!" नणंद म्हणाली, "आणि आई किती वॅटची?" आम्ही हसून हसून जमिनीवर बसलो, कणीक नाकाला, केसांना.

तेवढ्यात बायका आल्या. सासूबाई पदर सावरत गंभीरपणे म्हणाल्या, "आमच्याकडे एका वेळी एकच, दूध नाहीतर साडी. सूनबाईनं गणित केलंय."

चुरगळलेल्या साडीतच मी सगळ्यांना केशरी दूध दिलं. पेले हातात देताना हसू आवरत नव्हतं.